सेल्फ नुसतं 'टक्' म्हणतोय? बॅटरी बदलण्याआधी हे वाचा

कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत चांगली बॅटरी उगाच बदलली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. आधी हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. दिवे तसेच लख्ख राहिले तर सोलेनॉइड, सेल्फ किंवा त्याची वायर बघा.

मग मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास हवेत. १३ च्याही खाली असेल तर अल्टरनेटर किंवा बेल्ट तपासा.

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगच्या वायरमध्ये. वरून धडधाकट दिसणारी ही वायर बोल्टखाली गंजलेली असते. सँडपेपरने घासून घट्ट आवळली की बऱ्याचदा काम होतं. काम सुरू करताना निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा, जोडताना शेवटी.