मिरास, वतन आणि नवी शर्त : जमिनीच्या हस्तांतराची कथा

जुन्या मराठी गद्याचा अभ्यास करताना आपणांस महजर, वतनपत्रे, मिरासपत्रे आणि निवाडपत्रे वारंवार भेटतात. त्यांतील भाषा समजण्यासाठी नुसता कोश पुरत नाही. ‘अमक्याने आपली निमे पाटीलकी तमक्यास विकत दिली’ या वाक्यात नेमके काय विकले गेले, हे कळल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ लागत नाही. या पाठात कर्जत, श्रीगोंदे, पारनेर या परिसराला समोर ठेवून जमीन धारण करण्याच्या आणि ती दुसऱ्याच्या हाती जाण्याच्या रीतींचा विचार करावयाचा आहे.

आरंभी एक तुलना उपयोगी पडेल. 1066 मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर तेथे असे तत्त्व रूढ झाले की सर्व जमीन अंतिमतः राजाची. बाकीचे सारे कोणाकडून तरी, काही चाकरीच्या बदल्यात ती धारण करतात. सरदार राजाकडून, त्याचा आश्रित सरदाराकडून, अशी उतरंड असे. जमीन देताना शेतात उभे राहून मातीचे ढेकूळ किंवा झाडाची फांदी साक्षीदारांदेखत घेणाऱ्याच्या हातात देत. पुढे 1290 च्या कायद्याने जमीन विकण्याची मुभा मिळाली, पण घेणारा विकणाऱ्याच्या जागी येई आणि वरच्या धन्याची चाकरी तोच करी. उतरंडीत नवी पायरी घालता येत नसे. त्याआधी 1285 मध्ये वंशजांसाठी राखून दिलेली जमीन कुळाबाहेर जाऊ नये, अशीही तजवीज झाली होती. विकण्याची मोकळीक आणि कुळाचे रक्षण यांची ही ओढाताण आपल्याकडेही दिसते. तिचे रूप मात्र वेगळे आहे. इंग्लंडात जमिनीच्या मुळाशी धनी आणि त्याचा आश्रित यांचे नाते होते. दख्खनेत तेथे गाव आणि भाऊबंद होते.

मिरासदार आणि उपरी

निजामशाहीपासून पेशवाईपर्यंत या मुलखातील शेतकऱ्यांचे ठळक वर्ग दोन : मिरासदार आणि उपरी. ‘मिरास’ हा अरबी शब्द, अर्थ वारसा. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा असे. तो सारा भरी, गावच्या खर्चात वाटा उचली आणि त्या बदल्यात गावच्या सभेत त्याला स्थान असे. काही कारणाने तो परागंदा झाला, तरी त्याचा हक्क लगेच बुडत नसे. वर्षानुवर्षांनी तो किंवा त्याचा मुलगा परतला, तर थकलेल्या साऱ्याची तड लावून जमीन मागू शके. उपरी हा बाहेरून आलेला कसणारा. ज्यांचे वंश बुडाले अशा ‘गतकुळी’ जमिनी तो कराराने लावी. आज आपण परक्याला ‘उपरा’ म्हणतो, तो शब्द याच कुळातला.

मिरास विकता येत असे, पण ती एकट्याची गोष्ट नव्हती. भाऊबंदांची संमती लागे, गावाला माहिती असावी लागे आणि व्यवहार गोतासमोर पक्का होई. म्हणूनच महजरावर पाटील, कुलकर्णी, चौगुले, बलुतेदार यांची नावे येतात. अक्षरओळख नसलेल्यांनी आपापल्या व्यवसायाची निशाणी काढलेली असते. पाटलाच्या नावापुढील नांगर आपण अनेक कागदांवर पाहतो. ती निशाणी म्हणजे संपूर्ण गावाची साक्ष होय.

वतनात जमीन ही केवळ एक बाब असे. पाटीलकीबरोबर चाकरी, हक्क-लाजिमा आणि मानपान येत : पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीची पोळी कोणाची, विडा प्रथम कोणाला. दुष्काळात किंवा कर्जात बुडालेला पाटील निमे पाटीलकी विकी, तेव्हा या मानाचीही वाटणी करावी लागे. खरेदीखतात शेताच्या चतुःसीमांइतक्याच काळजीने मानपानाचा क्रम लिहिलेला आढळतो. आधुनिक वाचकाला ते हास्यास्पद वाटेल, पण पुढील तीन पिढ्यांचे तंटे त्याच ओळींवरून झालेले दिसतात. तंटा जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ घेई. म्हणजे न्यायाचाही वसूल होई. आज्ञापत्रकार रामचंद्रपंत अमात्यांना वतनदार हे राज्याचे जणू भाऊबंदच वाटले. राजा बदले, पण वतनदार जागीच राही.

सरंजामाचा प्रकार निराळा. तो लष्करी चाकरीसाठी दिलेला महसूल असे, शेतजमिनीवरील हक्क नव्हे. कर्जतशेजारचे श्रीगोंदे शिंद्यांकडे होते, याचा अर्थ तेथील शेते शिंद्यांची झाली असा नाही.

मोकळ्या खरेदीचा काळ

1818 नंतर इंग्रजी अंमल आला. 1830 च्या दशकात इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला क्रमांक आणि ठरावीक आकार मिळाला. सारा भरणारा तो खातेदार. मिरासदार आणि उपरी हा भेद व्यवहारात पुसला गेला. उपऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती, हे विसरू नये. परंतु त्याच वेळी शेत हे दिवाणी हुकूमनाम्याने लिलावात निघू शकणारी वस्तू बनले. भाऊबंदांची संमती, गोताची साक्ष यांची जागा कर्जरोख्यावरील अंगठ्याने घेतली.

परिणाम 1875 मध्ये दिसला. 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि तो लवकरच नगर जिल्ह्यात पसरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर यांबरोबर कर्जत तालुक्याचेही नाव त्यात येते. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने रोखे, खते, हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. जुन्या काळी कागद गावाची आठवण जपत असे. आता तोच गावाचा शत्रू झाला होता. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ हिशेब तपासण्याची मुभा दिली आणि स्पष्टपणे गहाण न दिलेली जमीन साध्या कर्जापोटी विकण्यास बंदी केली.

वतनी जमिनींसाठी 1874 चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा होता. त्यान्वये वतनदाराला सरकारी मंजुरीवाचून आपल्या हयातीपलीकडे वतन परक्याला देता येत नसे. 1285 च्या इंग्रजी कायद्याचीच ही दूरची भावकी म्हणता येईल. महार वतनांच्या बाबतीत हे रक्षण बेडी ठरले. अल्प मोबदल्यात अमर्याद सरकारी चाकरी आणि जमीन सोडण्याची सोय नाही, अशी ती स्थिती होती. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच कारणाने.

1901 मध्ये सरकारने आणखी एक पाऊल टाकले. थकबाकीपोटी जप्त केलेली जमीन पुन्हा देताना ती परवानगीवाचून विकता वा गहाण ठेवता येणार नाही, अशा शर्तीची सोय कायद्यात झाली. फिरोजशहा मेहता आणि गोखले यांनी त्या विधेयकाच्या विरोधात सभात्याग केला. शेतकऱ्याचे सावकारापासून रक्षण होईल, हा सरकारचा युक्तिवाद. त्याची पत बुडेल आणि तो सरकारचा कूळ बनेल, ही विरोधकांची भीती. दोन्ही बाजूंत तथ्य होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली : 1950 मध्ये परगणे व कुलकर्णी वतने, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने, 1962 मध्ये पाटीलकी. कनिष्ठ वतनांच्या जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून हस्तांतर करू नये या शर्तीवर. तीच नवी, अविभाज्य शर्त. अशी जमीन बिनपरवाना विकत घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजले, तरी तो व्यवहार शर्तभंग ठरू शकतो, आणि हे पुष्कळांना खरेदीनंतर कळते.

विद्यार्थ्यांनी आपल्या किंवा नातेवाइकांच्या शेताचा सातबारा उतारा काढावा आणि ‘भूधारणा पद्धती’ या शब्दांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. तेथे ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर ‘इतर अधिकार’ या रकान्यातील नोंद आणि तीत दिलेला जुना फेरफार क्रमांक शोधावा. तो फेरफार तलाठ्याकडून मिळवून त्यातील प्रत्येक पारिभाषिक शब्द वरील विवेचनाशी ताडून पाहावा.