जनुकांची अभिव्यक्ती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रथिने घडवण्याची माहिती बाळगणारी सुमारे २०,००० जनुके माणसाच्या पेशींत असतात. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुकांचा संच जवळपास एकच असतो, तरी त्यांची कामे पूर्णपणे वेगळी असतात. कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती प्रमाणात कार्यरत होते, यावर हा फरक ठरतो. कार्यरत जनुकाची आरएनएच्या रूपात प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. १९९५ साली मायक्रोअॅरे तंत्र पुढे आले आणि अनेक जनुकांच्या आरएनएचे प्रमाण एकाच वेळी मोजता येऊ लागले. आता हे काम मुख्यतः आरएनए सिक्वेन्सिंगने होते. या संशोधनाबद्दल काही गैरसमज सर्रास आढळतात.

गैरसमज १: ही तपासणी म्हणजे डीएनए चाचणीच.

वस्तुस्थिती: जन्मतः मिळालेला डीएनएचा क्रम आयुष्यभर बहुतांशी तोच राहतो. अभिव्यक्ती मात्र वय, आहार, संसर्ग, औषधे आणि दिवसाची वेळ यांनुसार बदलते. ती अवयवागणिकही वेगळी असते. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या जीटेक्स प्रकल्पाने म्हणूनच मृत दात्यांच्या पन्नासहून अधिक ऊती व अवयवभागांतील अभिव्यक्तीची नोंद केली. नमुना कोणत्या अवयवाचा आणि केव्हा घेतला, हे कळल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नसतो.

गैरसमज २: वेगळा गुणधर्म किंवा रोग म्हणजे बदललेले जनुक.

वस्तुस्थिती: पुष्कळदा जनुक जसेच्या तसे असते, बदललेले असते ते त्याचे नियंत्रण. दुधातील साखर पचवणाऱ्या लॅक्टेज विकराचे जनुक बहुतेक माणसांत बालपणानंतर मंदावते. ज्यांना मोठेपणीही दूध पचते, त्यांच्यातील लॅक्टेज काही निराळे नसते. युरोपात आणि भारतातही आढळणारा एक बदल या जनुकापासून सुमारे १४,००० अक्षरे दूर, शेजारच्या एमसीएम६ जनुकात असतो आणि तो लॅक्टेजची अभिव्यक्ती टिकवून ठेवतो.

विदर्भ आणि नंदुरबार भागात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे मूळ कारण हिमोग्लोबिनच्या जनुकातील दोष हेच आहे. तरीही त्याची तीव्रता दुसऱ्या एका जनुकाच्या अभिव्यक्तीवर अवलंबून असते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर जवळजवळ बंद होते. ते बंद करण्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा वाटा असतो. ज्यांच्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, त्यांना सहसा त्रास कमी होतो. या ज्ञानावर उभ्या असलेल्या जनुकीय उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात मूळ दोष दुरुस्त केला जात नाही. तांबड्या रक्तपेशी घडत असताना होणारी बीसीएल११एची अभिव्यक्ती घटवली जाते, आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते.

गैरसमज ३: रुग्णात ज्या जनुकाची अभिव्यक्ती वाढलेली दिसते, तेच रोगाचे कारण.

वस्तुस्थिती: ती वाढ रोगाचा परिणामही असू शकते. क्षयरुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉनशी निगडित अनेक जनुके सक्रिय झालेली दिसतात, पण ती शरीराची प्रतिक्रिया असते आणि सारकॉइडोसिससारख्या इतर आजारांतही आढळते. निदानाला तिची मदत होते, मात्र तेवढ्यावर कारण सिद्ध होत नाही. नमुन्यातील वेगवेगळ्या पेशींचे प्रमाण बदलले तरी आकडे बदलतात. शिवाय आरएनए वाढले म्हणून प्रथिन त्याच प्रमाणात वाढेलच असे नाही.

कारण शोधताना किती खोलात जावे लागते, हे लठ्ठपणाच्या संशोधनात दिसले. २००७ मध्ये एफटीओ जनुकातील काही बदलांचा लठ्ठपणाशी संबंध आढळला आणि साहजिकच संशय त्याच जनुकावर गेला. २०१४ आणि २०१५ च्या अभ्यासांत मात्र असे दिसले, की तो भाग दूरवरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांची अभिव्यक्ती नियंत्रित करतो.

गैरसमज ४: हे सारे प्रयोगशाळेपुरते आहे, रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती: स्तनाच्या कर्करोगात याचा थेट उपयोग होतो. गाठीतील २१ जनुकांच्या अभिव्यक्तीवरून रोग उलटण्याच्या शक्यतेचा गुणांक काढणारी चाचणी उपलब्ध आहे. तिचा उपयोग तपासणाऱ्या, १०,००० हून अधिक स्त्रियांवरील टेलरएक्स या वैद्यकीय अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोग हार्मोनला प्रतिसाद देणारा आणि एचईआर२ प्रथिनाचे प्रमाण जास्त नसलेला, काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत न पोहोचलेला आणि गुणांक मध्यम, अशा बहुतेक स्त्रियांना केमोथेरपीचा अधिक लाभ झाला नाही. त्यांना हार्मोन उपचार पुरेसे ठरले. पन्नाशीपर्यंतच्या काही स्त्रियांना मात्र केमोथेरपीचा थोडा फायदा दिसला. म्हणून गुणांकाबरोबर वय आणि रोगाचा टप्पाही पाहिला जातो.

गैरसमज ५: हजारो जनुके तपासून संगणकाने काढलेला निष्कर्ष खात्रीचाच असतो.

वस्तुस्थिती: २०,००० जनुकांची तुलना करताना पाच टक्के चूक चालेल असे धरले, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसतानाही सुमारे १,००० जनुके निव्वळ योगायोगाने वेगळी दिसतात. त्यासाठी संख्याशास्त्रीय दुरुस्ती करावीच लागते. रुग्णांचे आणि निरोगी व्यक्तींचे नमुने वेगवेगळ्या दिवशी तपासले, तर त्या दिवसांतला फरकही रोगाचा फरक भासू शकतो.

निष्काळजीपणाची किंमत रुग्णांना मोजावी लागते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अभिव्यक्तीवरून केमोथेरपीचे औषध निवडण्याची पद्धत रुग्णांवर वापरली जात होती. कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती माहिती पुन्हा तपासली, तेव्हा जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकल्यासारख्या चुका उघड झाल्या. २०१० मध्ये त्या चाचण्या थांबवल्या गेल्या आणि पुढे मूळ शोधनिबंधही मागे घेतले गेले.

एखाद्या रोगाचे जनुक सापडल्याची बातमी वाचताना वाचकाने तीन गोष्टी पाहाव्यात: मोजमाप कोणत्या ऊतीत झाले, किती व्यक्तींमध्ये झाले आणि स्वतंत्र गटात तोच निष्कर्ष पुन्हा मिळाला का. या तिन्हींची उत्तरे नसतील, तर त्या बातमीवर उपचाराचा निर्णय बेतू नये.