ऑफ-रोडिंगसाठी गाडी घेताय? सीसीच्या आधी वजन विचारा

इन्स्टाग्रामवर अडीचशे किलोची बीएमडब्ल्यू नदीचं पाणी उडवत जाते, दगडांवरून टणाटण उड्या मारते आणि खाली कमेंट पडते, 'घेईन तर हीच घेईन!' रीलमध्ये एक गोष्ट मात्र कापलेली असते. ती गाडी आडवी होते तेव्हा उचलायला किती माणसं लागतात, ती.

कच्च्या रस्त्यावर गाडी पडते. नवख्याची जास्त पडते, मुरलेल्याची कमी पडते, पण पडते. आणि ती पडते तिथे बऱ्याचदा मोबाईलला रेंज नसते, मागून येणारं कुणी नसतं. म्हणूनच ऑफ-रोडिंगसाठी गाडी निवडताना पहिला प्रश्न असा हवा : ही पडली, तर मला एकट्याला उचलता येईल का?

वजनाने नेमका काय फरक पडतो?

डांबरी रस्त्यावर वेग असतो, त्यामुळे गाडीचं वजन जाणवत नाही. चिखलात, वाळूत किंवा सुट्या दगडांवर वेग ताशी १०-१५ किलोमीटरवर येतो. तिथे तोल तुमच्या पायांवर आणि कमरेवर येतो. गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली, की १४० किलोची गाडी पायाने सावरता येण्याची शक्यता असते. २०० किलोची सावरायला गेलात तर पाय दुखावतो.

उतारावरही तेच. वजन जास्त असेल तर गाडी थांबवायला पकड जास्त लागते, आणि खडीवर नेमकी पकडच कमी असते. शिवाय दिवसातून चार वेळा जड गाडी उचलली की माणूस थकतो, आणि थकलेला माणूस पाचव्यांदा पडतो.

सह्याद्रीतल्या वाड्यांवर दुधाचे कॅन लावून चढणारी स्प्लेंडर बघा. ताकद जेमतेम ८ पीएस, ना मोठं चाक, ना लांब सस्पेन्शन. तरी ती चढते, कारण तिचं वजन ११२ किलोच्या आसपास आहे आणि चालवणाऱ्याला रस्ता पाठ आहे.

कोणती गाडी किती किलोची?

भारतात या प्रकारच्या गाड्या तशा उशिरा रुजल्या. २०११ मध्ये हिरोने १५० सीसीची इम्पल्स आणली, पण ती फार चालली नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. तिथून बाजार बदलला. आज चर्चेत असलेल्या गाड्यांची पेट्रोल-ऑइलसकट वजनं साधारण अशी आहेत :

कावासाकी केएलएक्स २३० : १३९ किलो
हिरो एक्सपल्स २०० ४व्ही : १५९ किलो
सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स : १६७ किलो
हिरो एक्सपल्स २१० : १६८ किलो
केटीएम ३९० एन्ड्युरो आर : १७७ किलो
केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर : १८३ किलो
रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० : १९६ किलो

व्हेरियंटनुसार यात किलो-दोन किलोचा फरक पडतो. आकडे बघताना 'कर्ब वेट' लिहिलंय का ते तपासा. 'ड्राय वेट'मध्ये पेट्रोल धरलेलं नसतं आणि १० लिटर पेट्रोल म्हणजेच सुमारे साडेसात किलो होतात.

ब्रोशरमधले बाकीचे आकडे कसे वाचायचे?

सीटची उंची : एक्सपल्स २०० ची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, तिच्याच प्रो मॉडेलची ८९१ वर, केएलएक्स २३० ची ८८० वर. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर हा फरक मोठा आहे. पण फक्त आकडा बघून नाद सोडू नका. हलक्या गाडीची सीट अरुंद असते आणि माणूस बसला की सस्पेन्शन दबतं. शोरूममध्ये घरचे बूट घालून बसा. दोन्ही पाय टेकले नाहीत तरी चालेल, पण थोडं सरकून एक पाय नीट टेकायला हवा.

ग्राउंड क्लिअरन्स : गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातलं अंतर. २०० मिलिमीटरच्या पुढे असेल तर नेहमीच्या दगडा-खड्ड्यांना पुरतं. पाय पोहोचत नाहीत म्हणून गाडी खाली करून घेतली, तर हेच अंतर कमी होतं.

सस्पेन्शन ट्रॅव्हल : चाक वर-खाली किती जाऊ शकतं, ते. साध्या एक्सपल्स २०० मध्ये पुढे १९० मिलिमीटर मिळतं, प्रोमध्ये २५०. जास्त ट्रॅव्हल म्हणजे उड्यांना दम, पण सीटही उंच.

चाकं : पुढचं चाक २१ इंची असेल तर ते दगडावरून सहज चढतं. १९ इंची चाक डांबरी रस्त्यावर पटकन वळतं. खड्ड्यात आपटल्यावर स्पोकचं चाक वाकलं तर सरळ करता येतं, अलॉयला तडा जाऊ शकतो. पण बहुतेक स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. त्यामुळे जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप सोबत हवा. ट्यूब बदलण्याचा सराव घरी आधी एकदा तरी करून ठेवा.

एबीएस : सुट्या खडीच्या उतारावर मागचं चाक थोडं लॉक झालेलं बरं असतं. म्हणून मागचा एबीएस बंद करता येतो का, ते विचारा. डांबरी रस्त्यावर परत आलात की तो आठवणीने सुरू करा.

मग मोठ्या गाडीत काहीच फायदा नाही?

आहे, आणि तो हायवेवर आहे. २०० सीसीची एक्सपल्स ताशी ८०-९० ला निवांत पळते. त्यापुढे इंजिनावर ताण येतो. पुण्याहून लडाखला स्वतःची गाडी चालवत जायचं असेल, मागे कुणी बसणार असेल आणि सामानही असेल, तर हिमालयन ४५० चे ४० पीएस कामाला येतात. ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, ताकद घटते. तिथे आधीच कमी ताकद असलेली गाडी जास्त धापा टाकते.

पण स्वतःला खरं विचारा, लडाख किती वर्षांतून एकदा? आणि भोर, जव्हार, आंबोलीकडचे कच्चे रस्ते महिन्यातून किती वेळा? गाडी दुसऱ्या उत्तराप्रमाणे घ्या.

पैशांचाही मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के.

हलकी गाडी घेऊन जड करू नका

क्रॅश गार्ड, सामानाचे लोखंडी स्टँड, तीन डबे, जादा लाईट. एकेक करत हे २०-३० किलोंवर कधी जातं ते कळत नाही. त्यातही मागे उंचावर लावलेला डबा सगळ्यात त्रासाचा, कारण वजन वर गेलं की तोल लवकर जातो. हँड गार्ड आणि इंजिनाखालची प्लेट एवढं आधी पुरे. सामान कापडी बॅगेत, खाली आणि सीटच्या जवळ बांधा. वाचलेले पैसे बूट, गुडघ्याचं गार्ड आणि चांगल्या हेल्मेटवर घाला.

पडलेली गाडी उचलायची कशी?

आधी इंजिन बंद करा आणि गाडी गिअरमध्ये आहे का ते बघा. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे कोसळणार नाही. मग गाडीकडे पाठ करा, कंबर सीटला टेकवा. एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची फ्रेम धरा आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे ढकला. कमरेत वाकून उचलायला गेलात तर गाडीआधी पाठ जाईल.

गाडी आहे म्हणून कुठेही घालू नका

अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. पठारांवरची रानफुलं आणि कुणाच्या शेताचे बांध चाकाखाली घालणं तर कुठेच बरोबर नाही. आणखी एक, कावासाकीच्या केएक्स मालिकेसारख्या शर्यतीच्या गाड्यांना नंबर प्लेट मिळत नाही. त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत, ट्रॅकवर टेम्पोतून न्याव्या लागतात.

मग घ्यायची कोणती?

पहिल्यांदाच शिकत असाल आणि घराजवळचे घाट, कच्चे रस्ते फिरायचे असतील, तर १४० ते १७० किलोंमधली, २१ इंची चाकाची गाडी बघा. कच्चा रस्ता कधीतरी आणि हायवे जास्त असेल, तर व्ही-स्ट्रॉमसारखी १९ इंची चाकाची गाडी पुरते. लांबचे दौरे, जोडीदार आणि सामान ठरलेलंच असेल तर ३९०-४५० च्या गटात जा, पण ती उचलायचा सराव करून.

आणि टेस्ट राइड घ्याल तेव्हा वेग बघून परत येऊ नका. इंजिन बंद करून गाडी दहा पावलं मागे ढकला, एका बाजूला थोडी कलवून परत सरळ करा. हे जमलं नाही, तर निसरड्या चढावर एकटे असताना तर मुळीच जमणार नाही.