काचेवरचे डाग आणि पावसाचे पाणी

खिडकीची काच पाण्याने धुतली आणि तशीच उन्हात वाळू दिली, की थोड्या वेळाने तिच्यावर पांढुरके ठिपके दिसू लागतात. पाणी तर नितळ होते, मग हे ठिपके आले कोठून? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, ‘पाणी घाण असेल, गाळून घ्यायला हवे होते.’ हे उत्तर स्वाभाविक आहे, पण चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे समजले, तर पाण्याविषयीची एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते आणि कोणाच्या धंद्यालाही तिचा उपयोग होऊ शकतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातले पाचोड हे सोलापूर–धुळे महामार्गावरचे गाव. अशा गावात आज काच पुष्कळ आहे. दुकानांची दर्शनी कपाटे, हॉटेलांच्या खिडक्या, उभ्या राहणाऱ्या गाड्या या तर आहेतच, शिवाय शेतात सौरपंपांचे पॅनेल दिसू लागले आहेत. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली. सौर पॅनेलचा दर्शनी भागही काचेचाच असतो. त्यावर धूळ किंवा क्षारांचा थर बसला, तर आत कमी उजेड पोचतो आणि वीज कमी मिळते. समजा, अशा गावातल्या एखाद्या तरुणाने काचा आणि पॅनेल धुण्याचे काम सुरू करायचे ठरवले. त्याने पाणी कोठून आणावे?

विहिरीच्या पाण्यात काय असते?

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट या काळ्या दगडाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. पाऊस पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. म्हणून स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूही ७ नसून सुमारे ५.६, म्हणजे किंचित आम्ल असतो. जमिनीत मुरताना, मुळे आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनातून आलेला आणखी कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो. हे सौम्य आम्ल मातीतली चुनखडी आणि दगडातली खनिजे हळूहळू विरघळवते. चुनखडीच्या बाबतीत घडते ते असे :

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड ⇌ कॅल्शियम बायकार्बोनेट

डावीकडचे कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजवीकडचे बायकार्बोनेट सहज विरघळते. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे असे क्षार असले, की साबणाला फेस येत नाही. आपण त्याला दुष्फेन किंवा जड पाणी म्हणतो.

काचेवर थेंब वाळतो तेव्हा हीच क्रिया उलटी होते. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात आणि कॅल्शियम कार्बोनेट काचेवर उरते. तोच आपला पांढरा ठिपका. नीट पाहिले तर ठिपक्याची कड मधल्या भागापेक्षा ठळक दिसते. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडते, त्याची जागा घ्यायला मधले पाणी कडेकडे सरकते आणि सोबतचा ऐवज तेथे जमा होतो. सांडलेल्या कॉफीच्या डागालाही अशीच गडद कड असते. तिचे हे स्पष्टीकरण अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले.

थोडे गणित करू. एका मिलिलिटरचे सुमारे २० थेंब होतात. पाण्यात लिटरमागे १,००० मिलिग्रॅम क्षार असतील, तर एका थेंबामागे ०.०५ मिलिग्रॅम क्षार उरतील. वजनाने हे नगण्य आहे, पण काचेवर स्पष्ट दिसते. भारतीय मानक ब्युरोच्या आय. एस. १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ चालतात, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे पिण्यास योग्य असलेले पाणीही काच पुसायला वाईट असू शकते. ‘शुद्ध’ हा शब्द कशासाठी वापरला आहे, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

गाळल्याने काय जाते, काय राहते?

येथे वर्गात एक प्रयोग करावा. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर माती ढवळा. हे पाणी स्वच्छ धुतलेल्या वाळूतून आणि नंतर दुहेरी कापडातून गाळा. पाणी बरेच नितळ होईल. आता त्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून उन्हात वाळवा. मीठ परत दिसेल. गाळणीने गढूळपणा गेला, मीठ नाही. मातीचे कण पाण्यात तरंगत असतात, ते वाळूच्या फटीत अडकतात. मिठाचे आयन पाण्याच्या रेणूंमध्ये मिसळलेले असतात, त्यांच्यासाठी वाळूतल्या फटी म्हणजे उघडे दरवाजेच.

तुरटीचेही तसेच. तुरटी फिरवल्यावर गाळ खाली बसतो, पण तुरटी स्वतः पाण्यात विरघळते. पाणी नितळ दिसते आणि त्यातले विरघळलेले पदार्थ उलट थोडे वाढतात.

विरघळलेले क्षार काढायला ऊर्ध्वपातन, आयन-विनिमय किंवा आर. ओ. या पद्धती लागतात. परदेशात उंच इमारतींच्या काचा धुणारे व्यावसायिक आर. ओ. आणि आयन-विनिमयाने शुद्ध केलेले पाणी लांब दांड्याच्या ब्रशमधून सोडतात आणि काच न पुसता तशीच वाळू देतात. डाग पडायला त्या पाण्यात काही उरलेलेच नसते. पण आर. ओ.मध्ये पाण्याचा बराच भाग टाकाऊ म्हणून बाहेर पडतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे परवडणारे नाही.

निसर्ग मात्र दर पावसाळ्यात ऊर्ध्वपातन करून देतो. समुद्राचे पाणी वाफ होऊन उडते तेव्हा मीठ मागेच राहते. पावसाच्या पाण्यात लिटरमागे बहुधा काही मोजके ते वीस-तीस मिलिग्रॅमच क्षार असतात. त्यामुळे आपले काम पाणी शुद्ध करण्याचे नसून, शुद्ध आलेले पाणी बिघडू न देण्याचे आहे.

पाणी साठवताना

छप्पर : पत्र्याचे छप्पर सर्वांत सोयीचे. चुना लावलेल्या गच्चीवरून आलेले पाणी वाटेत चुना घेऊन येते.

पहिले पाणी : उन्हाळाभर छपरावर धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा साचलेली असते. म्हणून पावसाचे पहिले दोन मिलिमीटर पाणी बाजूला काढावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० फूट × १५ फूट छपराचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर, म्हणून ५६ लिटर पाणी सोडून द्यायचे. पन्हळीच्या नळाला ६० लिटरचे पिंप जोडावे. पिंपाच्या तोंडाशी नळात एक तरंगता चेंडू ठेवावा. पिंप भरले की चेंडू तोंड बंद करतो आणि पुढचे पाणी गाळणीकडे वळते. पिंपाच्या तळाची तोटी उघडून प्रत्येक पावसानंतर ते रिकामे करावे.

गाळणी : पन्हळीवर पाने अडवणारी जाळी बसवावी. त्यापुढे एका पिंपात तळाशी काळ्या दगडाची खडी, तिच्यावर बारीक खडी आणि सर्वांत वर जाड वाळू भरावी. सर्व वस्तू धुऊन घ्याव्यात. संगमरवराचे किंवा चुनखडीचे तुकडे वापरू नयेत. वाळूत चुना आहे का, हे तपासणे सोपे आहे. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर ती वाळू या कामाची नाही.

टाकी : पावसाचे पाणी क्षारांचे ‘भुकेले’ असते. नव्या सिमेंटच्या हौदात ते भिंतीतला चुना विरघळवून घेते. म्हणून काचेच्या कामासाठी प्लास्टिकची टाकी बरी. ती उजेड आत न येऊ देणारी असावी, म्हणजे शेवाळ धरणार नाही. झाकण घट्ट हवे आणि हवेच्या नळीवर बारीक जाळी हवी. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. टाकीवर ‘पिण्यासाठी नाही’ असे ठळक लिहावे. वाळूची गाळणी सर्व रोगजंतू अडवत नाही.

पुरेल का?

या भागात वर्षाला सरासरी ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ६०० धरू. २८ चौरस मीटर छपरावर १६,८०० लिटर पाणी पडेल. गळती, उडालेले पाणी आणि सोडून दिलेले पाणी वजा जाता ८० टक्के हाती आले, तर सुमारे १३,४०० लिटर. दिवसाला ३० लिटर वापरले, तर कोरड्या आठ महिन्यांच्या २४० दिवसांना ७,२०० लिटर लागतील. छप्पर तेवढे देते, पण एवढी मोठी टाकी महाग पडते.

येथे पुन्हा आपला ठिपका मदतीला येतो. डाग पडतो तो काचेवर शेवटी वाळणाऱ्या पाण्यामुळे. धूळ-चिखल काढायला विहिरीचे पाणी चालेल. मात्र ते वाळण्याआधी, शेवटचा हात पावसाच्या पाण्याचा हवा. असे केले तर दिवसाला १० लिटर पुरतात, म्हणजे २४० दिवसांना २,४०० लिटर. २,००० आणि ५०० लिटरच्या दोन टाक्यांत काम भागते. त्या भरायला सुमारे ११२ मिलिमीटर पाऊस लागतो. पाऊस निम्म्यावर आला, ३०० मिलिमीटरच पडला, तरी हेच छप्पर सुमारे ६,७०० लिटर देईल. दुष्काळी वर्षातही हा धंदा गावाच्या पिण्याच्या पाण्याला हात न लावता चालू शकतो. पावसाळ्यात टाक्या वापरत राहाव्यात आणि सप्टेंबरच्या सरींनी त्या काठोकाठ भरून ठेवाव्यात. तोवर हवा आणि छप्पर दोन्ही धुऊन निघालेली असतात.

आधीच पडलेले चुन्याचे डाग व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने निघतात. बेसॉल्टमधल्या पाण्यात थोडी सिलिकाही असते. तिचा थर मात्र व्हिनेगरला दाद देत नाही, म्हणून डाग जुने होऊ न देणे चांगले. पॅनेल सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास धुवावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते आणि पाणीही पुसण्याआधीच वाळते. आधी जोडणी बंद करावी आणि तारांना हात लावू नये.

वर्गासाठी काम

विद्यार्थ्यांना विहीर, बोअर, नळ आणि पाऊस यांचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत आणायला सांगा. प्रत्येकाचा एकेक थेंब एकाच काचेवर ठेवा, खाली नाव लिहा आणि सावलीत वाळू द्या. मग काळ्या कागदावर काच धरून ठिपके फिकट ते ठळक असे लावा. उरलेल्या पाण्यात सारखेच साबणाचे थेंब घालून बाटल्या हलवा आणि फेसाची उंची मोजा. ठिपक्यांचा क्रम आणि फेसाचा क्रम एकमेकांच्या उलट येतो का, हे पाहा. एखाद्या पाण्याचा क्रम जुळला नाही, तर तो खोडू नका. त्या पाण्यात साध्या मिठासारखे, फेस न अडवणारे क्षार तर नाहीत ना, असा पुढचा प्रश्न तेथून सुरू होतो.