शब्दांचा रवंथ, मनाचा विसावा

घास नीट चावून खाल्ला तरच अंगी लागतो, असे घरातली जुनी माणसे सांगत आली आहेत. बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुसियन मठाचे प्रमुख असलेले दुसरे ग्विगो यांनी हाच नियम धर्मग्रंथाच्या वाचनाला लावला. उतारा वाचणे म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थना म्हणजे त्याची चव लागणे आणि त्यानंतरचे शांत राहणे म्हणजे त्या गोडीने तृप्त होणे, अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. या वाचनाला लॅटिनमध्ये ‘लेक्शिओ दिविना’, म्हणजे पवित्र वाचन, असे नाव आहे. शेवटच्या पायरीचे वर्णन ख्रिस्ती परंपरेत ‘देवामध्ये विसावणे’ असे केले जाते.

आरोग्याच्या सदरात हा विषय येण्याचे कारण साधे आहे. प्रार्थनेने रक्तदाब उतरतो का, झोप लागते का, चिंता कमी होते का, असे प्रश्न रुग्ण डॉक्टरांना विचारतात. काही जण मात्र विचारत नाहीत. ते प्रार्थना सुरू करतात आणि गोळ्या परस्पर बंद करतात. म्हणून या साधनेतून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे दोन्ही नीट समजून घ्यायला हवे.

वाचनाची जुनी रीत

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. दिवसाची विभागणी प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन अशी होती. त्यात एक बारीकशी सूचना आहे. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी कोणाला वाचायचे असेल, तर त्याने इतरांना त्रास होणार नाही अशा बेताने वाचावे. त्या काळी वाचन म्हणजे ओठ हलवत, पुटपुटत केलेले वाचन, हे या सूचनेवरून लक्षात येते. त्याआधी चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोस ओठ न हलवता वाचतात, हे पाहून संत ऑगस्टिन यांना नवल वाटले होते आणि त्यांनी ते लिहून ठेवले.

या वाचनात पाने संपवण्याची घाई नसते. आठ-दहा ओळींचा उतारा सावकाश वाचायचा. मन एखाद्या शब्दाशी अडखळले, तर तिथेच थांबून तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. मठवासी याला ‘रवंथ’ म्हणत. गाय सावलीत बसून जे करते तेच, फक्त इथे चारा शब्दांचा. श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम मराठी वाचकाला परका नाही. ख्रिस्ती साधनेत भर आहे तो वचनातून देव आपल्याशी बोलतो आहे, या नात्यावर.

शब्द असा घोळवायचा तर तो आपल्या भाषेतला हवा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

विसाव्याच्या पायरीला आधुनिक रूप मिळाले ते १९७० च्या दशकात, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्पेन्सर येथील मठात. विल्यम मेनिंगर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या तीन मठवासीयांनी ‘सेंटरिंग प्रेयर’ ही पद्धत लोकांपुढे मांडली. दिवसातून दोनदा, वीस मिनिटे शांत बसायचे. एक छोटा पवित्र शब्द निवडायचा. मन भरकटले की चिडचिड न करता त्या शब्दाकडे परत यायचे. विचार थांबवण्याचा अट्टहास करायचा नाही.

शरीरात काय घडते?

प्रौढ माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. सावकाश, लयीत म्हटलेल्या ओळींमुळे उच्छ्वास लांबतो आणि श्वासांची संख्या कमी होते. इटलीतील लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी याची मोजणी केली. त्यांचा अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २३ निरोगी व्यक्तींना त्यांनी जपमाळेवरची ‘आवे मारिया’ ही प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली.

या सहा आकड्याला महत्त्व आहे. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाची गती कमी करतो आणि दाब खाली येतो. रक्तदाबात मुळातच सुमारे दहा सेकंदांची एक संथ लाट असते. मिनिटाला सहा श्वास म्हणजे दर दहा सेकंदांना एक. श्वास आणि ही लाट एका तालात आली की दाबाचे नियमन करणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. बर्नार्दी यांच्या अभ्यासात नेमके हेच दिसले. पण ही मोजणी प्रार्थना सुरू असतानाची होती. तेवढ्यावरून उच्च रक्तदाब कायमचा बरा होतो असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय हा गुण लयीचा आहे. जपमाळ आणि मंत्र, दोन्हींत तो सारखाच आढळला.

हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक लिहिले. एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे आणि मनात आलेले इतर विचार सोडून देणे, एवढ्या दोन गोष्टींनी शरीर विसाव्याच्या अवस्थेत जाते, असे त्यांनी मांडले. धोक्याच्या वेळी अनुकंपी चेतासंस्था छाती धडधडवते, स्नायू ताठ करते. परानुकंपी चेतासंस्थेचा जोर वाढला की याच्या उलट घडते.

मेंदूकडेही शास्त्रज्ञांनी पाहिले. अँड्र्यू न्यूबर्ग यांनी २००३ मध्ये सेंटरिंग प्रेयर करणाऱ्या फ्रान्सिस्कन भगिनींच्या मेंदूतला रक्तपुरवठा तपासला. एकाग्रतेशी संबंधित पुढच्या भागात तो वाढलेला दिसला, मात्र या भगिनी होत्या फक्त तीन. मॉन्ट्रियलमध्ये मारियो ब्युरेगार्ड यांनी २००६ मध्ये १५ कार्मेलाइट भगिनींचे एमआरआय केले. देवाचा अनुभव हुकमी आणता येत नाही, असे भगिनींनी सांगितल्यावर त्यांना पूर्वीचा उत्कट अनुभव आठवायला सांगण्यात आले. मेंदूचे अनेक भाग एकाच वेळी कामाला लागलेले दिसले. देवासाठी राखून ठेवलेला एखादा कोपरा मेंदूत आढळला नाही.

ध्यानाच्या पद्धतींवरील ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३,५१५ जण होते. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा दिसला, तोही मुख्यतः सजगतेच्या म्हणजे ‘माइंडफुलनेस’च्या पद्धतींत. हा फायदा औषध किंवा व्यायामापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

जे सिद्ध झालेले नाही

स्वतः शांत बसणे आणि दुसऱ्याच्या आजारासाठी प्रार्थना करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर अमेरिकेतील सहा रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. तिचे प्रमुख होते हेच हर्बर्ट बेन्सन. निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांच्यासाठी त्यांना निश्चित न कळवता प्रार्थना झाली, त्यांच्यापैकी ५२ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी ती झाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के होते. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले. अशा चाचणीने श्रद्धेचे मोल ठरत नाही. पण प्रार्थनेच्या भरवशावर शस्त्रक्रियेच्या यशाची हमी कोणी देऊ नये, एवढे यातून स्पष्ट होते.

आधी भाकर, मग शांतता

विशेष म्हणजे हे भान या परंपरेला आधीपासून आहे. बायबलमध्ये एलिया संदेष्ट्याची कथा आहे. राणीच्या धाकाने पळालेला, थकलेला एलिया रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, श्रद्धा कमी पडली म्हणून रागावतही नाही. तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो. देवाचा हळुवार आवाज त्याला ऐकू येतो, तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी, डोंगरावर.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये अविलाच्या संत तेरेसा यांनी प्रार्थनेतल्या शांत अवस्थांवर सविस्तर लिहिले. काही भगिनी तासन् तास सुन्न पडून राहतात आणि त्यालाच समाधी समजतात, हे त्यांनी पाहिले होते. उपवास आणि जागरणांनी अशक्त झालेल्या शरीराचे हे लक्षण आहे, असे त्यांनी १५७७ च्या ग्रंथात नोंदवले. अशा भगिनीची प्रार्थना कमी करावी, तिला नीट जेवू द्यावे आणि झोपू द्यावे, हा त्यांचा उपाय. कोणत्याही डॉक्टरने आज हेच सांगितले असते.

त्यांचे सहकारी क्रूसाचे संत योहान यांनी ‘काळोखी रात्र’ म्हणून एका अवस्थेचे वर्णन केले. या काळात प्रार्थना कोरडी वाटते आणि देव दुरावल्यासारखा भासतो. पण असा कोरडेपणा ‘मेलँकली’मुळे, म्हणजे आजच्या भाषेत उदासीनतेच्या आजारामुळेही येऊ शकतो, हे त्यांनी स्वतःच लिहिले आणि फरक ओळखण्याच्या खुणा दिल्या. आजच्या खुणा अशा आहेत : दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नसणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक आणि वजन घटणे, स्वतःला निरुपयोगी मानणे, मरणाचे विचार. असे असेल तर ते नैराश्य आहे असे समजून तपासणी करून घ्यावी. नैराश्यावर उपचार आहेत.

दुसरा फसवा आजार म्हणजे मंत्रचळ. प्रार्थना चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणणे, एकाच पापाची कबुली धर्मगुरूंकडे वारंवार देणे, तरीही समाधान न होणे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांना १५२२-२३ च्या सुमारास अशा शंकांनी इतके छळले, की जीव देण्याचा विचार त्यांच्या मनात आला. आठवडाभर त्यांनी अन्न सोडले. अखेर धर्मगुरूंनी त्यांना जेवण्याची आज्ञा केली. या आजारालाही आज औषधे आणि वर्तनोपचार उपलब्ध आहेत.

श्रद्धा भार होते तेव्हा

केनेथ पर्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न वर्षांवरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने आपल्याला टाकले, तो शिक्षा करतो आहे, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक आढळला. आजाराची तीव्रता लक्षात घेऊनही हा फरक उरला. याचा अर्थ रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकांनी आणि प्रार्थनेला येणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यायला हवा. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य खाटेवरच्या माणसाला कधीही ऐकवू नये.

करून पाहायचे असेल तर

वीस मिनिटे पुरतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र, वादळ शांत झाल्याची कथा असा छोटा उतारा घ्यावा आणि हलक्या आवाजात दोनदा वाचावा. मनाला भिडलेला शब्द घोळवावा, मनातले बोलावे आणि उरलेली काही मिनिटे नुसते बसावे. डुलकी लागली तर अपराधी वाटून घेऊ नये. शरीराला झोप कमी पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

श्वास मुद्दाम रोखू किंवा ताणू नये. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. ज्यांना भास होतात, किंवा ज्यांच्या मनावर मोठा आघात झाला आहे, त्यांना दीर्घ शांततेत त्रास वाढू शकतो. त्यांनी पाच मिनिटांपासून, डोळे उघडे ठेवून आणि जाणत्या माणसाच्या सोबतीने सुरुवात करावी. मधुमेहींनी उपवास-प्रार्थनेपूर्वी डॉक्टरांशी बोलावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. आजारी माणसाला उपवासातून सूट आहे, असे चर्चही सांगते.

रक्तदाब, साखर, फिट्स, नैराश्य यांची औषधे प्रार्थनेमुळे बरे वाटू लागले म्हणून बंद करू नयेत. कॅथलिक बायबलमधील सिराकच्या पुस्तकात आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असा सल्ला एकाच ठिकाणी दिला आहे. जगणे नकोसे वाटत असेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागातही जाता येते.