हॉल रिकामा आहे का?

कराटेचा क्लास काढायला निघालेला नवा मुलगा आधी बॅनर छापतो. हवेत उडालेली लाथ, मागे ड्रॅगन, खाली मोबाइल नंबर. या धंद्यात केस पिकलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की बॅनर नंतर छाप, आधी सोसायटीच्या सेक्रेटरींशी ओळख काढ. डोंबिवलीत आमचा क्लास इतकी वर्षं टिकला तो त्या ओळखीवर. आणि हॉल मिळाला तरी आपला होत नाहीच. बारसं निघालं, वार्षिक सभा लागली, कुणाच्या तेराव्याचं जेवण आलं की आमचा काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा सराव, पार्किंगमध्ये, स्कूटर सरकवून. एकदा शेजारी हळद लागत होती आणि इकडे बेल्टची परीक्षा. पोरांनी ‘कियाई’ची आरोळी ठोकली की पलीकडून बँजोवाला तिला ठेका द्यायचा. परीक्षा घ्यायला आलेल्या थोरल्या सरांनी ताठ मानेनं गुण मांडले, पण त्यांचा पाय हलत होता, हे मी पाहिलं.

‘महिन्याला किती सुटतात?’ हा प्रश्न लोक संकोचत विचारतात. सरळ सांगतो. फी हॉलच्या भाड्यात आणि बाहेरून शिकवायला बोलावलेल्या मुलाच्या मानधनात जाते. जूनमध्ये क्लास भरून वाहतो, गणपतीत निम्मा होतो, शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवसांत आणखी गळतो आणि मार्चमध्ये भिंती तेवढ्या उरतात. घर चालतं ते मेच्या शिबिरावर, ड्रेसच्या विक्रीवर (त्याला ‘गी’ म्हणणारे आम्ही चार जण, बाकी सगळ्यांसाठी तो ड्रेसच) आणि शाळांच्या कामावर. शाळेचं काम म्हणजे शनिवारी सकाळी मैदानावर साठ पोरं आणि शिट्टी. सरकारी शाळांत मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानातून स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण असतं, पण ते 3 महिन्यांचं. चौथ्या महिन्यात पुन्हा मुख्याध्यापकांच्या दाराशी.

उरली ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा. या धंद्यातला खरा पैसा तिथेच, आणि खरा मोहही तिथेच.

ज्युदोच्या जिगोरो कानो यांनी दर्जासाठी काळा पट्टा आणला, तो पुढे कराटेनं उचलला. रंगीत पट्ट्यांची शिडी रुजली ती नंतर, युरोपात ज्युदो शिकवताना. ज्यानं कुणी ती आणली त्याला व्यवहार चांगला कळत होता. पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांमध्ये वर्षानुवर्षं काहीच मिळणार नसेल तर आठ वर्षांचं पोर कशाला थांबेल? पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा... दर काही महिन्यांनी एक रंग, एक प्रमाणपत्र, आजी-आजोबांसह एक फोटो. यात वाईट काही नाही. वाईट सुरू होतं ते फी भरलेला प्रत्येक जण पास व्हायला लागला की.

एका मुलाला मी हिरव्या बेल्टवर थांबवलं. अंगात ताकद होती, पण काता अर्ध्यावर विसरायचा आणि वर हसायचा. संध्याकाळी वडील आले. आवाज चढवला नाही, हिशेब मांडला: “सर, परीक्षेची फी भरलीय, प्रमाणपत्राची भरलीय. मग राहिलं काय?” मी म्हटलं, “काता राहिला.” पुढच्या महिन्यापासून मुलगा यायचा बंद झाला. वर्षभरात त्याचा तपकिरी बेल्ट बांधलेला फोटो दुसऱ्या एका क्लासच्या बॅनरवर दिसला. लाथ मात्र सुरेख होती, खोटं कशाला बोलू?

पालकांचा दुसरा प्रश्न ग्रेस गुणांचा. दहावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, पण ते शासनमान्य स्पर्धांच्या ठरावीक पातळीवर. इथे तर दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयात ‘राष्ट्रीय’ नाहीतर ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा असते. गट इतके बारीक पाडलेले की एका गटात तीन मुलं आणि पदकंही तीन. त्या पदकानं गुण मिळणार नाहीत, हे मी प्रवेशाच्या वेळीच सांगून टाकतो. काही पालक तिथूनच परत फिरतात.

पैशाची ओढाताण आमच्यापासून सुरू झाली असं समजू नका. शोतोकान कराटेचे गिचिन फुनाकोशी ओकिनावात शाळामास्तर होते. 1922 साली प्रात्यक्षिकासाठी ते टोकियोला आले आणि तिथेच राहिले, वय पन्नाशीपार. शिष्य मोजके, पैसे त्याहून मोजके. ओकिनावी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ते पहारा करत, बाग झाडत. तिथल्या आचाऱ्याला कराटे शिकवून जेवणाचं बिल कमी करून घेतलं. जुनी टोपी आणि किमोनो गहाण टाकायला गेले तर दुकानातल्या माणसानं वस्तूच्या मोलापेक्षा जास्त पैसे दिले. त्याचा धाकटा भाऊ फुनाकोशींकडेच शिकत होता, हे नंतर कळलं. एकदा एक वार्ताहर आला आणि झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्यालाच विचारू लागला, कराटेचे गुरू कुठे भेटतील? म्हातारा आत गेला, कपडे बदलले आणि गुरू होऊन बाहेर आला. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. माझ्याकडे नवा मुलगा शिकवायला आला की मी त्याला आधी हे सांगतो आणि मग हॉल झाडायला लावतो.

मुंबईत अक्षय कुमारही आधी मार्शल आर्ट शिकवत असे. मॉडेलिंगच्या दोन दिवसांत महिन्याच्या कमाईहून जास्त पैसे मिळाले आणि त्यानं वाट बदलली. आमच्यातल्या कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. हेवा केला.

धंद्यातला सगळ्यात जुना किस्सा मात्र प्रत्येक क्लासचा सारखाच. एक मुलगा लहानपणापासून येत असतो. दहावीतही क्लास सोडत नाही, म्हणजे तो लाखात एक. काळा बेल्ट होतो, लहानांची रांग लावतो, हॉलची किल्ली त्याच्याकडे राहते, सेक्रेटरीकाका त्याला नावानं ओळखतात. मग एका रविवारी पेढे घेऊन घरी येतो, वाकून नमस्कार करतो आणि चाचरत सांगतो, “सर, समोरच्या सोसायटीत बॅच सुरू करतोय.” फी आपल्यापेक्षा शंभर रुपये कमी असते. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आपणच.

मी गेलो. नारळ फोडला, हॉलवर नजर टाकली. आमच्या हॉलपेक्षा मोठा होता, आणि पंखे सगळे चालू.