माशाचे वय आणि गाभोळी

माशाच्या जन्माची नोंद कोणत्याही दफ्तरी नसली, तरी त्याच्या अंतःकर्णातील चुनखडीच्या इवल्या कर्णाश्मात ती थराथराने होत असते. शीत समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावत असल्याने दरसाल त्यावर वलयांची एक जोडी उमटते, आणि तिच्याच आधारे जर्मन संशोधक रायबिश यांनी १८९९ मध्ये प्लेस या चपट्या माशाचे वय ठरविले. आमच्या बांगड्याच्या मुलुखात हिवाळा नावापुरताच, त्यामुळे वार्षिक वलये पुसट. म्हणून येथे हजारो मासे फळीवर मोजून, लांबीनिहाय वर्गवारीतील शिखर महिन्यागणिक किती पुढे सरकले, याचा हिशेब मांडण्याची डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांची पद्धतच अधिक उपयोगी पडली. १९७१ मध्ये पॅनेला यांनी कर्णाश्मावरील दैनिक वलये उजेडात आणली, तेव्हा ही अडचण काही अंशी दूर झाली.

प्रौढत्वाचा पुरावा मात्र पोट चिरूनच मिळतो. कोवळी गाभोळी दोऱ्यासारखी बारीक असते. पुढे ती भरून रवाळ, पिवळसर होते, आणि विणीच्या तोंडावर तिच्यातील अंडी पाणी शोषून पारदर्शक बनतात. (भरल्या गाभोळीच्या माशाला आपण खुशीने चढा भाव देतो, हे अभ्यासकांना फारसे रुचत नसावे.) ज्या लांबीला निम्म्या माद्या पक्व आढळतात, ती प्रथम पक्वतेची लांबी मानून जाळ्याचा आस किती रुंद असावा, हे ठरविता येते.